दोन कॉलेजांची मनाली

बहारिनमधल्या मुहर्रकच्या जुन्या वस्तीत, डोक्यावरून विमान गेलं की देव्हाऱ्यातली घंटा आपसूक किणकिणते अशा घरात मनाली लहानाची मोठी झाली. वडील तुकाराम देवगडकडचे. तुबलीच्या एका गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे. आई चारुलता घर सांभाळायची आणि शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. पोरगी हुशार निघाली याचं दोघांना कौतुक होतं, तशी धास्तीही होती. हुशारीला फी लागते.

देवाची कृपा म्हणायची, कॉलेजनेच हात दिला. मनालीला पहिल्या वर्षापासून आर्थिक मदत लागू झाली. अट एकच, दर सत्रात पूर्ण पाच विषय घ्यायचे. दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी अकाउंट्सचे दोन विषय शिकवायला माणूसच मिळाला नाही आणि ते विषय बंद राहिले. तीन विषयांवर मदत मिळेना, आणि मदतीशिवाय शिक्षण होईना.

मदतीचं काम पाहणारी सुहा नावाची बहारिनी बाई मनाची मोठी. तिने वाट काढली. राहिलेले दोन विषय संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजात घ्यायचे, दोन्हीकडचे मिळून पाच धरले जातील. वर बजावलं, "पण मनाली, मदत एकाच कॉलेजची. आमची. तिकडून काही घ्यायचं नाही."

"येस मॅडम," मनाली म्हणाली. आणि ते मनापासून म्हणाली.

मग सुरू झाली धावाधाव. सकाळी एक कॉलेज, दुपारी बसमध्येच डबा, संध्याकाळी दुसरं. घरी यायची तेव्हा पोरीचा चेहरा उतरलेला असायचा. तुकाराम तिला चिडवायचा, "दोन घरचो पावणो उपाशी, म्हणतत ता खोटा नाय!" मनाली हसायची. तेव्हा ती म्हण चेष्टेचीच होती.

महिन्याभरात दुसऱ्या कॉलेजने तिला बोलावून घेतलं. चाचणीत ती पहिली आली होती, म्हणून त्या दोन विषयांची फी माफ. अर्ज नाही, विनंती नाही, आपणहून. मनाली घरी आली ती विचारातच.

"आई, हे घेता येणार नाही बहुतेक. सुहा मॅडम म्हणाली होती, मदत एकाच ठिकाणची."

चारुलता भाकरी थापता थापता थांबली. "तू मागितलंस काय त्यांच्याकडे?"

"नाही गं."

"मगे ती मदत कशी? मागतत ती मदत. न मागता हातार पडता तो प्रसाद. प्रसादाक नको म्हणतत काय गो?"

खरं सांगायचं तर मनालीला यावर उत्तर शोधायचंच नव्हतं. वडिलांचा खांदा त्या वर्षी दुखत होता, आणि दुसऱ्या कॉलेजची फी त्याच खांद्यावर होती. आईचं म्हणणं तिला पटलं. पटावंसं वाटलं म्हणून पटलं. तिने माफी घेतली.

आता आपल्या लोकांची रीत अशी की चांगली बातमी कोरड्या तोंडाने सांगत नाहीत. चारुलताने मिल्क पावडरचे पेढे वळले. देवापुढे ठेवले, शेजारी आमिनाकडे वाटी गेली, गॅरेजच्या मालकाला, जैनुद्दीनला, पुडी गेली. आणि एक डबा मनालीच्या हातात दिला. "ह्यो त्या मॅडमका. तिने वाट दाखवल्यान म्हणान ह्या झाला. तिका इसारलंस तर देव माफ करूचो नाय."

दुसऱ्या दिवशी सुहाने हसत डबा उघडला, पेढा उचलला. "काय विशेष? लग्न ठरलं?"

"नाही मॅडम. तिकडे फी माफ झाली. आईने खास तुमच्यासाठी केलेत."

सुहाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. पेढा तिने हळूच डब्यात परत ठेवला. शेजारच्या टेबलावर तिचा वरिष्ठ ओवैस बसला होता, त्याने मान वर केली होती. त्यानेही ऐकलं होतं.

"मला का सांगितलंस?" सुहा इतकंच पुटपुटली.

प्रकरण समितीकडे गेलं. तुकाराम रजा टाकून आला, धुवूनही न गेलेले रंगाचे डाग नखांत घेऊन. मनालीने त्याला कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"मॅडम, बच्ची है. उसको मालूम मफी. एक बार माफ करो." तिला ठाऊक नव्हतं, असं तो गॅरेजातल्या अरबीमिश्रित हिंदीत सांगत होता.

ओवैसने मनालीला सरळ विचारलं, "तुला नियम सांगितला नव्हता का?"

सुहा खाली पाहत होती. 'नव्हता' म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मग दोष सुहावर आला असता. जिने वाट दाखवली तिच्यावर.

"सांगितला होता," मनाली म्हणाली.

तुकारामने डोळे मिटले. बाहेर आल्यावर तो चिडला नाही. बसस्टॉपवर सावलीतली जागा तिला देऊन आपण उन्हात उभा राहिला.

मदत बंद झाली, पुढच्या सत्रांचीही; फी भरता न आल्याने कॉलेजातलं नावही गेलं. दुसऱ्या कॉलेजनेही सांगितलं, मूळ कॉलेजात नाव नसेल तर इकडचे दोन विषय नुसते घेता येणार नाहीत, आणि माफीही नाही. एकाची दोरी तुटली तशी दुसऱ्याचीही तुटली.

"काय झाला गो? अशी मधीच कशी बंद केल्यानी?" चारुलताने विचारलं.

तुकाराम जेवता जेवता थांबला आणि लेकीकडे पाहू लागला.

"नियम बदलले, आई," मनाली म्हणाली. "कुणाची चूक नाही."

"मगे परत बदलतीत. मी सोमवार धरतंय. मदत परत सुरू होयसर सोडूचंय नाय."

मनालीने 'नको' म्हणायला तोंड उघडलं. पण नको म्हटलं असतं तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

हल्ली मनाली झल्लाकच्या एका हॉटेलात काउंटरवर बसते. युनिफॉर्म नीट आहे, माणसं बरी आहेत. सोमवारी ती घरी येते तेव्हा चारुलता निरंजन लावून, दिवसभराच्या उपासाने सुकलेल्या तोंडाने विचारते, "कॉलेजातून काय कळला?"

"अजून नाही, आई."

"कळतला," म्हणत चारुलता देवापुढे डोकं टेकते. मनाली बूट काढत दारातच थांबते, आणि आई डोकं वर उचलेपर्यंत आत येत नाही.