आत्याच्या तळहातावरचा ब्रेक

आमची आत्या गाड्यांची इलेक्ट्रिशियन आहे. तिच्या काळ्या नखांकडे बघून कित्येक स्थळं चहा न पिताच उठून गेली. शेवटी ज्याची बंद पडलेली स्कूटर तिने चालू करून दिली, त्याच्याशीच तिने लग्न केलं. काकांना अजूनही दाट संशय आहे की आदल्या दिवशी ती बंद पाडलीही तिनेच असणार. आत्या यावर हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

तिच्या गॅरेजची एक रीत आहे. गाडी आली की ती बॉनेटला हात लावत नाही. हात पुसते, तळहात पुढे करते आणि म्हणते, "दाखवा." गाडी कशी हादरते, ब्रेक पायाला कसा लागतो, हे गिऱ्हाइकाने तिच्या तळहातावर बोटांनी वाजवून दाखवायचं. लोक आधी लाजतात, मग रंगात येतात. एका वकीलसाहेबांनी आपल्या गाडीचा दणका इतक्या मनापासून दाखवला की आत्याचं मनगट सुजलं. पण दणका कुठून येतो ते तिला बरोबर कळलं होतं, असं ती मनगट चोळत सांगत होती.

तर या आत्याकडे एक दिवस तिच्या सख्ख्या थोरल्या भावालाच, म्हणजे माझ्या बाबांना, न्यायची वेळ आली.

झालं होतं असं की फाटकातून उजवीकडे आत वळताना बाबांनी शेजारच्या काकूंची जास्वंदीची कुंडी उडवली. बाबा म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता. ब्रेकनेच माझ्या पायाला लाथा मारल्या." माझा भाऊ लगेच गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर गेला, त्याने सरळ रस्त्यावर ब्रेक दाबून बघितला, परत येऊन ती फाटकाबाहेरच लावली आणि गाडी ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे बिघाड कुणात आहे, हे तो तोंडाने बोलला नाही. त्याने फक्त किल्ली स्वतःच्या खिशात घातली. बाबांचं वय झालं, आता पुरे, असं घरात ठरूनही गेलं.

बाबा भांडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. रोज सकाळी ते गाडी पुसायचे. आरसेसुद्धा. जी गाडी आपल्याला चालवायची नाही, तिचे आरसे पुसणाऱ्या माणसाकडे बघवत नाही हो. मी सरळ आत्याला फोन लावला.

"आत्या, तुझ्या भावाची किल्ली जप्त झालीय."

"गाडी घेऊन या," आत्या म्हणाली. "आणि त्यालाही आणा. नुसती गाडी आणलीत तर परत पाठवीन."

गॅरेजमध्ये आत्याने नेहमीसारखा तळहात पुढे केला. "दाखव, अण्णा."

"अगं, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"नाहीस, म्हणून तर नीट दाखव."

बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या तळहातावर बोटं भराभर नाचवली. टरटरटरटर.

"कधी होतं हे?"

"वळून थांबताना. गाडी अगदी हळू असते तेव्हा. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. बंद करून परत चालू केली की जातो."

"अगं आत्या, मी स्वतः चालवून बघितली," भाऊ मध्येच म्हणाला.

"वळून थांबलास कुठे?"

साहेब थांबले होते ते सरळ रस्त्यावरच.

आत्याने त्याला समजावून सांगितलं. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते तो गाडीला कळवत राहतो. एखादा मध्येच मुका झाला की गाडीला वाटतं, चाक जाम होऊन घसरतंय. मग ती आपणहून ब्रेक सोडते, धरते, सोडते. तीच ही टरटर. तिने गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, तर त्याने पुढच्या डाव्या चाकाचं नाव घेतलं.

"मग सेन्सर बदलून टाक," भाऊ म्हणाला.

"मशीनने चाक सांगितलं. का ते कोण सांगणार? तुझा काका?"

तिने चाक काढलं, सेन्सरच्या वायरला मीटर लावला आणि बाबांना स्टिअरिंगवर बसवलं. सरळ असताना आकडा जागच्या जागी. पूर्ण उजवीकडे वळवलं की गायब. सरळ केलं की परत हजर. आत्याने टॉर्च घेऊन चाकाच्या कमानीत डोकं घातलं, आणि थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज यायला लागला. थांबेचना.

आत हिरवी नायलॉनची दोरी होती. आमच्या घरी नळ, झाडू, रिमोटचं झाकण, बाबांचा चष्मा, सगळं याच दोरीने बांधलेलं आहे. चाक वळतं तशी वायरही हलावी लागते, म्हणून ती ढिली सोडलेली असते. इथे ती शेजारच्या पाइपला करकचून आवळली होती. दर वळणाला ताण बसून आतली तार तुटली होती.

"अण्णा, ही गाठ कुणाची?"

"लोंबत होती ती," बाबा पुटपुटले. "टायरला घासेल म्हणून जराशी बांधली."

"जराशी! शाळेत जाताना हा माझ्या बुटांना अशीच जराशी गाठ मारायचा. मी बूट घालून झोपायचे रे!"

बाबा ओशाळले, मग तेही हसायला लागले. भाऊ तर खाली बसूनच हसला. नवा सेन्सर वायरीसकट बसला, वायर ढिली ठेवून क्लिपांमध्ये अडकवली. दोरी आत्याने जप्त केली. भावाने खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"मला काय देतोस?" आत्या म्हणाली. "पाय त्याचा शाबूत आहे. हात तेवढे आवरायला सांग."

भावाने किल्ली बाबांच्या हातात दिली. "काकूंना कुंडी मी आणून देतो, बाबा," एवढंच म्हणाला.

घरी येताना बाबांनी गाडी चालवली. आत्या शेजारी, आम्ही दोघं मागे. आम्हाला बघून काकू लगबगीने उरलेल्या कुंड्या आत ओढायला लागल्या. बाबा फाटकातून उजवीकडे वळले, ब्रेक दाबला आणि गाडी आवाज न करता उभी राहिली.

आत्याने तळहात पुढे केला. "दाखव, अण्णा. कसा लागला?"

बाबांनी आपला हात तिच्या तळहातावर ठेवला. बोटं अजिबात हलवली नाहीत. गाडी बंद केल्यावरही तो हात तिथेच होता.