लाल टाका

काळ्या कापडावर गरम इस्त्री फिरली, की त्या वासासरशी मला आमचा दहावीचा वर्ग आठवतो. नव्वदच्या दशकात चामराजपेटच्या आमच्या शाळेत वकिलीची माहिती द्यायला एक वकीलबाई आल्या होत्या. बोलून झाल्यावर त्या आपला काळा गाऊन एकेका मुलीच्या अंगावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "हं, मांड तुझी बाजू." माझी पाळी आली तेव्हा मी आधी कॉलर उलटून पाहिली. आत लाल टाका होता, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शिलाईच्या दुकानाची खूण. बाजू मांडायला मनात जुळवलेलं सगळं विसरून मी ओरडले, "हा माझ्या अण्णांनी शिवलाय!" बाई हसल्या. "मग तुला वकिली कशाला? गाऊन शिवायलाही कुणीतरी हवंच ना!" हसून बोललं की लागत नाही, असं वाटत असेल त्यांना. वर्ग खिदळला आणि गाऊन माझ्या अंगावरून उतरून पुढच्या मुलीकडे गेला. घरी सांगितलं, तर मशीनवरून मान वर न करता अण्णा म्हणाले, "बरोबर बोलल्या. स्वल्प हात चालव जरा, कोटाची काजं राहिलीत." आज त्या मशीनवर मी बसते. वकिलांचे गाऊन शिवते, पण कॉलरखाली लाल टाका घालत नाही. माझी मुलगी यंदा दहावीत आहे; तिच्या वर्गातही कुणीतरी गाऊन घेऊन येईल.