सीटला लावलेला कान

आमची गाडी सतरा वर्षांची. गेले दोन महिने ती सकाळी लवकर सुरूच व्हायची नाही. आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला न्यायचं असतं. ती मागे डोळे मिटून बसायची आणि मी स्टार्टर मारत राहायचो. बॅटरी बदलली, प्लग बदलले. "वय झालं आता," जो तो म्हणे. आई ते मागे बसून ऐकायची.

काल निघायच्या वेळी सलीमभाई मेकॅनिक आले. बॉनेट न उघडता त्यांनी आईशेजारी वाकून सीटला कान लावला. "नुसती चावी फिरवा, स्टार्ट करू नका." सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीत पंप गुणगुणला आणि थांबला. असं आणखी दोनदा करायला लावून म्हणाले, "आता मारा." गाडी लगेच सुरू झाली.

"इंजिन ठणठणीत आहे. पंपातला छोटा व्हॉल्व्ह गळतोय, म्हणून उभ्या गाडीत पेट्रोलचा दाब उतरतो. दोन-तीनदा चावी फिरवली की पंप तो पुन्हा भरतो. पंप बदलू."

"म्हणजे म्हातारपण नव्हे?" आईने विचारलं.

"नाही, आजी."

आई कितीतरी दिवसांनी हसली. वय झालं म्हटलं की नीट ऐकायचं राहूनच जातं. गाडीचं मला कळलं होतं. ते शब्द आई स्वतःलाही लावून घेत होती, हे तेव्हा कळलं.

"चल," ती काच खाली करत म्हणाली, "आज वेळेत पोचू."