रुसलेली कोंबडीबाई

गुल्हाने आमच्या गाडीत जाऊन बसला आणि त्यानं आतून कडी लावून घेतली. बाहेर अख्खा तांडा पोट धरून हसत होता. पोट्टे दोन्ही हात पंखासारखे हलवत "कॉक कॉक कॉक" करत गाडीभोवती फिरत होते. साहेब माझ्याकडे बघत होते, अन् मी प्रोजेक्टरच्या पेटीकडे बघत होतो.

"ऑपरेटर," साहेब म्हणाले, "हा तुमचा प्रताप आहे. आता निस्तरा."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी सरकारी प्रचाराच्या सिनेमागाडीवर ऑपरेटर होतो, साहेब त्या गाडीचे अधिकारी. गावोगाव जायचं, दोन बांबूंना पांढरा पडदा ताणायचा, जनरेटर सुरू करायचा आणि लोकांना सिनेमा दाखवायचा, एवढंच काम. त्या दिवशी आम्ही फुलसावंगीच्या पुढे, बंजारा लोकांच्या एका तांड्यात होतो. गुल्हाने व्हॅक्सिनेटर होता, म्हणजे देवीची लस टोचणारा. देवी म्हणजे काय हे आजच्या पोरांना ठाऊक नाही, नशीबवान आहेत. देवी यायच्या त्या लेकरू न्यायच्या, नाही तर त्याचे डोळे न्यायच्या. अन् तेव्हा दोन कोसांवरच्या वस्तीत देवी निघाल्या होत्या.

तांडा टोचून घ्यायला तयार नव्हता. धनसिंग नायकानं साहेबांना हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, टोचलं का ताप येते, दंडावर फोड येते. होळी तोंडावर आहे. लेंगी कोण म्हणन? नाचन कोण? होळी होऊ द्या, मंग खुशाल टोचा." लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी. शिवाय त्या होळीला नायकाच्या नातवाची धुंड होती. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा होळीला जो सोहळा करतात, ती धुंड. तांड्यात नायक नाही म्हणाला की झालं, पुढे बोलणं नाही.

पण लस काय होळीपर्यंत थांबते? पुसदहून गुल्हाने ती थर्मासमध्ये, बर्फात घालून आणायचा. बर्फ वितळला की लस गेली. अन् देवी तर होळीचं आमंत्रण बघून येत नाहीत.

म्हणून आदल्या दिवशी दिवेलागणीला आम्ही पडदा लावला होता. रीत अशी, की आधी कार्टून दाखवायचं, लोक जमले की आरोग्याचा सिनेमा सुरू करायचा. कार्टून म्हणजे चित्रांचा सिनेमा. चित्रंच चालतात, पडतात, एकमेकांना बदडतात. आमच्याकडे एकाच मालिकेची रिळं होती. त्यात बोलणं नव्हतं, नुसतं बँड अन् धडाम-धुडूम. बोलायचं काम माझं. मी हातात माईक घेऊन बाजूला उभा राहायचो अन् सगळ्यांच्या वतीनं बोलायचो.

मंडळी ठरलेली होती. एक ढोल्या अस्वल, मनानं वाईट नाही पण अक्कल गुडघ्यात. एक काटकुळा कोल्हा, त्याचं नाव मी झिपरू ठेवलं होतं. तो रोज नवी युक्ती काढायचा अन् रोज स्वतःच त्यात अडकायचा. एक कोंबडी, लाल तुरेवाली, रागीट. अन् तिचं एक पिल्लू, सगळ्यात लहान, जे कधीच घाबरायचं नाही. अस्वल अन् झिपरू पिल्लू पळवायला यायचे, कोंबडी चोच मारायची, अस्वल झाडावर उडायचं, फांदी तुटायची, ते झिपरूवर पडायचं अन् झिपरू पापडासारखा चपटा व्हायचा. पुढच्या रिळात दोघंही पुन्हा धडधाकट. इतका मार खाऊन एकही मरायचा नाही, हे लोकांना फार आवडायचं.

कार्टूनला तांडा खो-खो हसला. आरोग्याचा सिनेमा लागला, त्यात कोट घातलेला डॉक्टर शुद्ध भाषेत बोलू लागला, अन् लोक घोंगड्या झटकून उठले. बापे उठले, बाया उठल्या. साहेब घायकुतीला आले. "अहो काही तरी करा! लोक चालले!"

मी डॉक्टर बंद केला अन् कोंबडीचं रीळ पुन्हा चढवलं. माईकमध्ये ओरडलो, "आल्या हो आल्या! कोंबडीबाई देवी टोचाले आल्या! अस्वल्या, पळतं कायले बे, दंड दाखव!" कोंबडीनं चोच मारली, अस्वल उडालं. "एवढा मोठा बाप्या अन् सुईले भेते! पिल्लाकडं पाह्य, कसं छाती काढून उभं आहे!" लोक परत बसले. एक बाई ओरडली, "अरे, हे अस्वल म्हंजे आपला नायकच आहे!" धनसिंग नायकाचा देह तसाच होता. तोही हसला, पण जरा कमीच.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप सकाळपर्यंतच टिकली.

सकाळी गुल्हाने आला. त्यानं सिनेमा पाहिलेला नव्हता. बिचारा सायकल रेटत उन्हातून आलेला, मान बारीक, चाल तुरुतुरु, अन् डोक्याला लाल दुपट्टा बांधलेला. त्याचं एक टोक तुऱ्यासारखं वर उभं. एका पोट्ट्यानं पाहिलं अन् बोंब ठोकली, "कोंबडीबाई आली!" मग काय विचारता!

मी गाडीच्या खिडकीशी गेलो. "गुल्हाने, बाहेर ये."

"नाई येत. मी सरकारी माणूस आहे. लोकायनं मले शिव्या देल्या, कुत्रे सोडले, गोटे मारले. पण कोंबडी कोनं म्हटलं नव्हतं. तुहंच काम आहे हे, बह्याडा!"

"हो, माहंच आहे. पण कुत्रे सोडले तवा कोणी हसत होतं काय? आज हसून राह्यले. घरं सोडून बाहेर उभे आहेत. एक तरी पळाला काय?"

"मले काही सांगू नको. बर्फ वितळला का मी चाललो पुसदले."

तेवढ्यात नायकण आली, धनसिंग नायकाची बायको. हातात होळीची काठी होती. यांच्या होळीत बाया काठ्यांनी बाप्यांना बदडतात. बाप्यानं मार चुकवायचा, पण हात उगारायचा नाही अन् राग तर मानायचाच नाही, असा कायदा. कडेवर नातू होता, धुंडीचा मानकरी. ती खिडकीजवळ आली अन् हसणं एकदम थांबलं.

"दादा," ती गुल्हानेला म्हणाली, "रुसले तुमी?"

गुल्हानेनं तोंड फिरवलं.

"रात्री मी तो सिनेमा पाह्यला. सारे अस्वलाले हसत होते. मी कोंबडीकडं पाहत होती. ती कोणाले चोच मारते? जे पिल्लावर येते त्याले. बरोबर ना? माह्ये दोन लेकरं देवीनं नेले, दादा. तवा आमच्या दारात अशी कोंबडी कोणी आली नाई." तिनं नातवाला खिडकीत धरलं. "पोट्टे कोंबडी म्हनते त म्हनू द्या. माह्या नातवाले टोचा."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

गुल्हाने थर्मास घेऊन उतरला. दुपट्टा त्यानं काढला नाही. एका घराच्या ओट्यावर त्यानं सामान मांडलं. तेव्हाची सुई म्हणजे एक दातेरी चक्री होती. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा अन् चक्री दाबून फिरवायची. ती दिसताच बापेलोक एक-एक पाऊल मागे सरकू लागले. सगळ्यात मागे धनसिंग नायक.

नायकणीनं काठी आपटली. "आजपासून आमची होळी लागली! जो पळन तो अस्वल, अन् अस्वलाले काठी!" बाकीच्या बायांनीही घरातून काठ्या आणल्या.

"अवं, पण मी कुठं पळून राह्यलो?" म्हणत नायक मागे सरकला. मागे बकरी होती. तो बकरीवरून कडब्याच्या पेंढ्यांवर गेला, तिथून घसरला अन् थेट बैलांच्या पाण्याच्या टाक्यात बसला. धडाम! माझ्या रिळात असतं तसंच, फक्त बँड नव्हता.

तांडा असा हसला की कुत्री भुंकायला लागली. मी मात्र मनात म्हटलं, मेलो! आता नायकाचा मान गेला, सगळं बिनसलं.

नायक उठला. निथळत उभा राहिला. बायकोकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. रागवायचं नाही, हा त्यांचाच कायदा. तो पाणी गाळत ओट्याशी आला, बाही वर केली, डोळे गच्च मिटले अन् म्हणाला, "टोच वं कोंबडीबाई!"

गुल्हानेनं थेंब ठेवला. चक्रीला हात घातला. मग त्या सरकारी माणसानं इकडेतिकडे पाहिलं अन् अगदी हळू आवाजात म्हणाला, "कॉक."

त्यानंतर रांग लागली. प्रत्येक पोट्टं हट्ट धरायचं, आधी कॉक म्हणा, मग टोचा. दुपारपर्यंत गुल्हानेचा घसा बसला. बर्फ वितळायच्या आत लस संपली होती.

होळीला आम्हाला आमंत्रण होतं. अर्ध्या लोकांच्या दंडावर खपल्या होत्या, तरी लेंगी जोरात झाली. धुंडीचा मानकरी आजीच्या मांडीवर खिदळत होता. त्या हंगामात शेजारच्या वस्त्यांमध्ये देवी फिरल्या, पण या तांड्यात एकही लेकरू गेलं नाही. नायकणीनं मला अन् गुल्हानेला एकेक काठी मारली. जवळच्या माणसालाच मारतात म्हणे. पुढे गुल्हाने कुठल्याही तांड्यावर निघाला की आधी मला निरोप यायचा, गाडी आण अन् तीच रिळं आण. लाल दुपट्टा तो स्वतःच बांधून यायचा.

साहेबांनी वर कळवलं, की आरोग्याचा सिनेमा अत्यंत परिणामकारक ठरला. तो सिनेमा मी एवढ्या वर्षांत कुठल्याच गावात शेवटपर्यंत चालवू शकलो नाही. शहाणं करायला गेलो की माणसं उठून जातात, हसवायला गेलो की बसून राहतात. अन् टोचायचं असेल, तर माणूस बसलेला लागतो.