पवारमामांचे आमंत्रण

पवारमामा गिऱ्हाइकाला पहिला घास घेईपर्यंत सोडत नसत. ताट ठेवले की पंच्याला हात पुसत समोर उभे राहत आणि एकच शब्द विचारत, "मीठ?" आपण मान डोलावली की मगच पुढच्या टेबलाकडे वळत. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास मी नाशिक रोडला कारकून म्हणून लागलो, तेव्हा स्टेशनाजवळच्या त्यांच्या खानावळीत दुपारी जागा मिळेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहावे लागे. शांतामामी आत भाकऱ्या थापत, मामा बाहेर वाढत. दुसऱ्यांदा रस्सा ओतताना म्हणत, "लाजू नका भाऊसाहेब, पोटाला लाज नाय."

मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस ते सायकलवर माझ्या खोलीवर मऊ भात आणि ताक घेऊन आले. मी संकोचलो. "घरची माणसं लांब हायेत ना? तवर आमीच घरचे," म्हणाले आणि मी जेवेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.

मामा सिन्नरकडचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. पवार हे आडनाव ऐकून प्रत्येकाने आपापल्या सोयीची जात धरली होती. त्यांनी काही लपवले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते.

मग त्यांच्या सुमनचे लग्न ठरले. मामांनी टेबलाटेबलाशी जाऊन स्वतःच्या हाताने पत्रिका दिल्या. "समद्यांनी यायचं. माझं गणगोत तुमीच." पत्रिकेवर बुद्धाचे चित्र होते. माझ्या शेजारी जेवत असलेल्या आमच्या हेडक्लार्कनी ते पाहिले, पत्रिका पालथी ठेवली आणि भात तसाच टाकून हात धुवायला उठले.

लग्नाला खानावळीतले आम्ही तिघेच गेलो. मामांनी शंभर माणसांचा स्वयंपाक केला होता. सारखे रस्त्याकडे बघत होते. "गाडीला उशीर झाला असंल. येतील." शेवटी मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी तरी बसा." तेव्हा माझी आई गावाहून येऊन राहिली होती. तिला कुणी सांगितले तर? मी म्हणालो, "आज संकष्टी आहे, मामा."

चार वर्षे ज्यांच्या हातचे जेवलो, त्यांना मी हे सांगितले. त्यांनी केळ्यांच्या घडातले एक तोडून पुढे केले.

"हे घ्या. सालीचं हाय."

पुढच्या आठवड्यापासून खानावळीच्या भिंतीला टेकून कुणी उभे राहीनासे झाले. कुणाला डॉक्टरांनी पथ्य सांगितले, कुणाची बायको डबा देऊ लागली. मामी मात्र तितक्याच भाकऱ्या थापत राहिल्या. किराणावाल्याने मामांना सल्ला दिला, "बामण आचारी ठेवा, भिंतीवर एखादा देव लावा. लोक विसरतात." मामा म्हणाले, "याच हातचं गोड लागत हुतं ना? मग हात कशापायी बदलू?"

पण एका दुपारी ते आमच्या कचेरीत आले. पूर्वी कधी आले नव्हते. माझ्या टेबलाशी उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी चार लोकांस्नी सांगा ना. जेवू नका म्हणावं. नुसतं येऊन बसा. मामी दिसभर दाराकडं बघत बसती." हेडक्लार्क मान वर करून बघत होते. मी घाईने म्हणालो, "बघतो."

मी कुणालाही सांगितले नाही. स्वतःही गेलो नाही. एकटाच आत बसलेला कुणाला दिसेन, याची भीती वाटत होती.

दिवाळीआधी खानावळ बंद झाली. मामा-मामी ओझरला लेकीकडे गेले, मामा गवंड्याच्या हाताखाली विटा वाहू लागले. दोन-तीन वर्षांनी मामा वारल्याचे कळले. शेवटच्या आजारपणात त्यांना कुणी मऊ भात भरवला की नाही, हे मला माहीत नाही.

नंतर एकदा कचेरीत नव्याने आलेल्या एका कारकुनाने सहज विचारले, "इथली पवारांची खानावळ फार चालायची म्हणे. मग बंद का पडली?"

"शेवटी शेवटी चव गेली होती," हेडक्लार्क म्हणाले आणि दुजोऱ्यासाठी त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "हो."