नऊ बिड्यांवर मुंबई

कुणाविषयी लिहावे इतका माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. चुकले तर माफ करावे. पण आसगावच्या कोसमामांविषयी दुसरे कुणी लिहील असे वाटत नाही.

मामा अंतर बिड्यांत मोजत. चालताना एक विझली की दुसरी पेटवायची आणि पोचेपर्यंत किती झाल्या ते लक्षात ठेवायचे. कोंढ्याला किती, पवनीला किती, सगळे तोंडपाठ. मी एकदा शहाणपणाने किलोमीटर सांगितले. ते म्हणाले, "तुह्या किलोमीटरले ऊन नाही लागत का? उनाळ्यात कोंढा दोन बिड्या लांब जाते."

हा नुसता नाद नव्हता. गावात कुणी वारले की नातेवाइकांना सांगायला मामाच पायी जात. निघण्याआधी ते ओसरीवर बसलेल्यांना सांगत, कुठल्या गावचा माणूस केव्हा येईल. त्यावरून मयत कधी उचलायची ते ठरे. कोंढ्याला दिलेल्या एका मुलीसाठी लोक दुपार टळेपर्यंत थांबले होते. मामांनी सांगितले त्याच सुमाराला ती आली. बापाचे तोंड पाहिले.

देवराम हा मामांचा एकुलता मुलगा. त्याला मुंबईच्या एका कारखान्यात काम मिळत होते, पण मामा दोन वर्षे नाहीच म्हणत होते. आगगाडीचा एवढा प्रवास त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. "मले आग कोन देईन?" एवढेच विचारत.

देवरामने मला गळ घातली. मी तेव्हा नागपूरला पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीत घरी आलो तेव्हा वर्तमानपत्रात पाहिलेली वेळ मामांना सांगितली. नागपूर ते मुंबई, विमानाने सव्वा तास.

मामा बराच वेळ बोटे मोजत राहिले.

"म्हंजे नऊ बिड्या," ते म्हणाले. "मंग तं मुंबई पवनीपेक्षा जवळ झाली. हे आंधी काहून नाही सांगितलं बे?"

त्यांनी स्वतः देवरामचे बोचके बांधून दिले. पुढे कुणी विचारले की सांगत, पोट्टा नऊ बिड्यांवर आहे. लोक हसत. मामाही हसत.

मी खोटे बोललो नव्हतो. पण तार मुंबईत देवरामच्या हाती पडायला किती वेळ लागेल, विमानात जागा कधी मिळेल, नागपूरहून आसगावची एसटी कधी सुटेल, हे मामांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मला ते सुचले होते.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा चालू असताना बाबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्ड होस्टेलवर आले. मी ते वाचले, खिशात ठेवले आणि पेपरला गेलो. पेपर बरा गेला.

कार्डात लिहिले होते की कोसमामा वारले. जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना बजावले होते, "घाई करू नका. पोट्टा येऊन राहिला." त्यांच्या शब्दावर लोक दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायला येईपर्यंत थांबले. मग पुतण्याने आग दिली. लोक राख सावडून परत येत होते, तेव्हा देवराम एसटीतून उतरला. तो विमानानेच आला होता.