नाकवाली आणि ताईची चंदेरी पुडी

वनौषधींच्या त्या ठोक दुकानात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. हमालापासून मालकापर्यंत सगळे तिला नाकवाली म्हणायचे. नाक दिसायला बेताचंच, जरा बसकं. पण नवं पोतं आलं की मालक चष्मा पुसत बसायचे आणि आधी तिला बोलावायचे. एकदा एका व्यापाऱ्यानं मुळ्यांची दहा पोती ‘ताजा माल’ म्हणून उतरवली. पहिल्याची सुतळी सोडायच्या आत ही म्हणाली, “दोन वर्षं पडून आहे हे. आणि शेजारी साबणाची खोकी होती.” व्यापारी पोती परत चढवू लागला.

चौतीस वर्षं ती त्या लांब टेबलाशी बसून मुळ्या, साली आणि सुकी फुलं निवडत आली होती. त्याआधी बटणांच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. त्याआधी एक लग्न होतं, ते कारखान्याइतकंही टिकलं नाही. दोन्ही वेळा ती ट्रंक घेऊन ताईच्याच दारात उभी राहिली, आणि दोन्ही वेळा ताईनं दार उघडून एवढंच विचारलं, “जेवलीस का?”

ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची होती, त्यामुळे वाढवली ती ताईनंच. न्यायालयात टायपिस्ट म्हणून जन्म काढलेली ही बाई शहात्तराव्या वर्षीही वर्तमानपत्रातल्या चुका पेन्सिलीनं खुणावायची. दोघींचा संसार दोन खोल्यांचा, आणि भांडणं बारा खोल्यांना पुरतील एवढी.

ताईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलंय, काढून टाकू. ताईनं एखादी तारीख लिहून घ्यावी तसं ते ऐकून घेतलं. नाकवाली मात्र धास्तावली, आणि ते गाठीमुळे नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हाड छान बसलं, पण दुसऱ्या दिवसापासून ताईच हरवली. भिंतीवरून माणसं उतरताना तिला दिसायची. हाताची सुई तिनं उपटून टाकली. नाकवाली जवळ गेली, तर ताई नर्सला म्हणाली, “या बाईला बाहेर काढा. माझं पाकीट चोरायला आलीये.” पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी ताई उठली ती चष्मा मागतच. मधलं तिला काही आठवत नव्हतं, आणि नाकवालीनंही कधी सांगितलं नाही. पण ते पाच दिवस तिच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले होते. वय आणखी वाढलंय, ऑपरेशन आणखी मोठं. या वेळी ताई गेली आणि परतलीच नाही तर?

म्हणून रुग्णालयातली एक तरुण सिस्टर फाइल घेऊन आली, तेव्हा नाकवालीचे कान टवकारले. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना होणारा भ्रम वनौषधीनं टाळता येतो का, याचा तिथे अभ्यास चालू होता. दोन आठवडे आधीपासून रोज तीन चंदेरी पुड्या कोमट पाण्यातून घ्यायच्या. काहींच्या पुडीत औषध, काहींच्या पुडीत तसलीच दिसणारी, तसलीच लागणारी नुसती पूड.

“मग आमच्या ताईच्या पुडीत काय?” नाकवालीनं विचारलं.

“मलाही माहीत नाही, मावशी. डॉक्टरांनाही नाही.”

“अहो, मग माहीत आहे कुणाला?”

“एका कुलूपबंद यादीला,” सिस्टर हसली. “अभ्यास संपला की उघडेल. आणि एक लक्षात ठेवा, याशिवाय बाहेरचं काही द्यायचं नाही.”

ताईनं कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन चुका दाखवल्या आणि सही केली.

घरी आल्यावर नाकवालीनं पहिली पुडी स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोडली. तपकिरी, रवाळ पूड. तिनं डोळे मिटून हुंगली. पुन्हा हुंगली. ज्येष्ठमधाची पुसट सावली, आणि तिच्यामागे काही नाही. कागदावर सात औषधींची नावं होती. त्या सातांनाही ती अंधारात ओळखायची, आणि इथे त्या सावलीखेरीज त्यांच्यातलं एकही घरी नव्हतं!

“काय ग, नाकानं कांदे सोलतेयस का?” ताई बाहेरून ओरडली. “आण ते इकडे.”

ताई ते पाणी प्यायली. नाकवालीच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. म्हणजे आपल्या वाट्याला नुसती पूड आली. सिस्टरला विचारून उपयोग नाही, यादीला तोंड नाही. दोन दिवस ती दुकानात साली निवडत होती आणि निवडलेल्या पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होती. तिसऱ्या दिवशी तिनं त्या सात औषधी थोड्या थोड्या घेतल्या, खलात कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. प्रमाण कागदावर नव्हतं, ते तिनं नाकानं ठरवलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती पूड उकळून ताईच्या चहात घालू लागली. ताईला सांगण्यात अर्थ नव्हता. ताई सही केलेला कागद मोडणारी नव्हती.

“हल्ली साखर फार घालतेस,” ताई चहा पिताना म्हणायची.

“तुझी जीभ बदललीये.”

“माझी जीभ बदलली, आणि तुझं तोंड का उतरलंय?”

दहा दिवस गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईला दाखल केलं, रक्त तपासलं, आणि दुपारी डॉक्टर स्वतः आले. रक्तातलं पोटॅशियम बरंच खाली गेलं होतं, रक्तदाब वर चढला होता. अशा स्थितीत भूल देणं धोक्याचं. ऑपरेशन आठवडाभर पुढे.

“आजी, बाहेरचं काही औषध घेता? काढा, चूर्ण, काहीही?”

“अजिबात नाही,” ताई ठणकावून म्हणाली. “मी सही केलीये.”

नाकवाली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टर वळून निघाले, दारापर्यंत पोचले, तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला. “मी दिलंय. चहातून. ज्येष्ठमध होता त्यात, आणि आणखी सहा.”

डॉक्टर रागावले नाहीत, तेच तिला जड गेलं. ज्येष्ठमधानं असं होऊ शकतं, ते म्हणाले. कदाचित तिच्या एकटीच्या पुडीनं झालं असेल. कदाचित चंदेरी पुडीतही खरंच औषध असेल आणि दोन्ही मिळून झालं असेल. आता दोन्ही बंद. नोंदी मात्र सिस्टर घेत राहील.

ते गेल्यावर ताई तिच्याकडे वळली. “दहा दिवस तू मला गवत पाजत होतीस? आणि मी चहाला बोल लावत होते?”

“चार वर्षांपूर्वी तू मला चोर म्हणाली होतीस, ताई. ओळखलंच नाहीस मला. पाच दिवस.”

“मी? तुला?”

“हो.”

ताईनं चष्मा काढला, पुन्हा घातला. “मला काहीच आठवत नाही ग. जे आठवत नाही त्याची माफी कशी मागतात?”

नाकवालीनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं उरलेली एक चंदेरी पुडी मालकांपुढे ठेवली. त्यांनी हुंगली, चिमूट जिभेवर ठेवली. “अगं, हे उकळून, आटवून, मग सुकवलेलं. वास वाफेबरोबर गेलेला असतो. तू जन्मभर कच्चा माल हुंगलास. यात तुझं नाक काय करणार?”

“म्हणजे औषध होतं?”

“ते कुठे म्हणालो मी? असेल. नसेलही.”

ती टेबलाशी जाऊन बसली. समोर सुकी फुलं होती. तिनं एक मूठ नाकाशी धरली आणि हे नक्की कशाचं, असा प्रश्न तिला चौतीस वर्षांत पहिल्यांदा पडला. फुलं रोजचीच होती. तिला तेवढ्यानंही खात्री वाटेना.

आठवड्यानं ऑपरेशन झालं, कुठल्याही पुडीशिवाय. सिस्टरनं सांगितलं होतं, की चष्मा वेळेवर लावा, पडदे उघडे ठेवा, वार-तारीख बोलत राहा. नाकवाली इतकी बोलली, की पलीकडच्या पलंगावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, आज मंगळवार आहे, हे आता मलाही पाठ झालंय.” पहिला दिवस ठीक गेला. ताईनं तिला नर्सच्या फलकावरची चूक दाखवली. नाकवालीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तो पुन्हा टांगणीला लागला. ताईचे डोळे भिरभिरू लागले. भिंतीतून पाणी गळतंय, म्हणाली. चादरीवरचे न दिसणारे कागद गोळा करू लागली. मग नजर नाकवालीवर येऊन थांबली.

“अजून इथेच?” ताई म्हणाली. “शाळेची घंटा झाली ना! वेणी कुठाय तुझी?”

नाकवालीचे केस पांढरे होते आणि मानेपर्यंतच कापलेले.

“ताई, मी...”

“वळ. पाठ कर इकडे. रोज रोज काय सांगायचं?”

हिला समजवावं, की हिचं ऐकावं? सिस्टर म्हणाली होती, वाद घालू नका, शांतपणे खरं सांगा. पण यातलं खरं नेमकं कोणतं, तेच तिला उमगेना. ती पलंगाच्या कडेला पाठ करून बसली. ताईची बोटं तिच्या तोकड्या केसांत फिरू लागली. तीन बटा काढायची, त्या सुटायच्या, पुन्हा काढायची. “आज बुधवार आहे, ताई. आपण रुग्णालयात आहोत,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “मान हलवू नकोस,” ताई म्हणाली.

तसं ते दीड दिवस येत-जात राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी ताईनं सूप तोंडाला लावलं आणि विचारलं, “यात मीठ घालायला बंदी आहे का?” तेव्हा नाकवालीला कळलं, ताई परत आली. पण हे आपोआप झालं, बोलण्यामुळे झालं, की आधीच्या पुड्यांचं काही अंगात उरलं होतं म्हणून पाचाचे दीड दिवस झाले, ते कळलं नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं. “एका माणसावरून सांगता येत नाही,” ते म्हणाले.

संध्याकाळी सिस्टर फाइल घेऊन आली. प्रश्नांची ओळ संपता संपता म्हणाली, “भ्रमाच्या काळात रुग्णानं जवळच्या माणसाला ओळखलं का? हो की नाही?”

नाकवाली गोंधळली. तिनं ताईकडे पाहिलं.

“मला काय विचारतेस?” ताई म्हणाली. “मी होते कुठे?”

मग नाकवालीनं सिस्टरला सगळं सांगितलं, पाठ करून बसल्याचंसुद्धा. ताई ऐकत होती. मधेच तिनं हात पुढे करून बहिणीच्या मानेवरचे तोकडे केस चाचपले आणि हात मागे घेतला.

“मग काय लिहू, मावशी?” सिस्टरचं पेन दोन चौकोनांच्या मधे थांबलं होतं. “ओळखलं, की नाही?”

नाकवालीनं मानेवरचे केस सारखे केले.

“हो लिहा,” ती म्हणाली. “आणि जागा असेल तर बाजूला लिहा, वय चुकलं.”